माशाचं तोंड

“बाबा, खंड्यानं मासा उलटा का धरलाय?” भर प्रदर्शनात हे विचारायची पैज मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. बाबांच्या बक्षीस मिळालेल्या फोटोत माशाचं तोंड चोचीतून पुढे आलेलं होतं.

“उलटा नाही,” बाबा पाहुण्यांकडे बघत म्हणाले. “स्वतःला खायचा असेल तर तो माशाचं डोकं आत धरतो. पिल्लांना भरवायचा असला की डोकं बाहेर. तासभर फांदीवरून हलला नाही पठ्ठ्या. अशी पोझ नशिबानंच मिळते.”

“पण मग भरवायला का नाही गेला? तुम्ही कुठे उभे होतात?”

“बाजूला हो, लोकांना फोटो दिसत नाहीये.”

“अगं, त्याच्या बिळाच्या अगदी तोंडाशी,” एका काकूंनी कौतुकानं सांगितलं. “मघाशीच म्हणाले ना ते.”

“म्हणजे आत पिल्लं उपाशी, आणि बाहेर बाबा.”

मी पैज जिंकले, पण मैत्रिणींपैकी कुणी हसलं नाही.

“चारचौघांत तोंड उघडायची काय गरज होती?” घरात पाऊल टाकताच बाबा कडाडले.

“माफी माग त्यांची,” आई म्हणाली. “उद्या पहाटे परत त्या बिळापाशीच जायचंय त्यांना, मूड घालवू नकोस.”

“माफी नाही मागणार. आई, उद्या पहाटे मी आपल्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहणार आहे. आणि बाबा, तुम्ही कॅमेरा हातात धरून तासभर इथेच बसा. पोझ छान येईल, फोटो मी काढते.”