केबिनमधला गारवा

"हॉलमध्ये निदान एक कूलर तरी बसवा, साहेब," हिशेबनीस बाई दर उन्हाळ्यात सांगायच्या. एसीच्या केबिनमधून साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं: "सवय होते हो, बाई."

यंदा ऐन वार्षिक अहवालाच्या वेळी बाईंचा लॅपटॉपच तापून बंद पडू लागला, तेव्हा मात्र साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दुरुस्तीवाल्याने पंख्यातली धूळ काढली. त्याच्या दुकानात लॅपटॉप गुणी बाळासारखा चालायचा, हॉलमध्ये आला की मान टाकायचा.

"यंत्र ठणठणीत आहे, हॉल तापलाय. याला गारव्यात ठेवा," तो म्हणाला.

"माझ्या केबिनमध्ये ठेवा," साहेबांनी लगेच हुकूम सोडला.

बाईंनी लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मागोमाग आपली खुर्चीही ओढत आणली.

"तुम्ही कशाला?"

"तो एकटा अहवाल लिहीत नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी हॉलमधले उरलेले चारही लॅपटॉप अगदी एकजुटीने बंद पडले. आता केबिनमध्ये पाच लॅपटॉप आणि पाच खुर्च्या आहेत, साहेब हॉलमध्ये बसतात. काल त्यांनी रुमालाने मान पुसत दार किलकिलं केलं. "जरा जागा होईल का?"

"सवय होते हो, साहेब," बाई म्हणाल्या. "आणि दार लावून घ्या, गारवा जातो."