दुसरा हूक

आई झुलत्या पुलाच्या मधोमध थांबली. पुढची फळी एका पावलावर होती, पण तिनं पाऊल उचललं नाही. तिच्या खाली झाडांचे शेंडे होते, आणि शेंड्यांच्याही खूप खाली मान वर करून उभा असलेला दादा.

“आई, चल ना पुढे,” अलीकडच्या मचाणावरून मुलगी म्हणाली.

आई हलली नाही.

वडील गेल्यापासून मुलीला हीच भीती होती. आईला एकटं सोडायचं नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. आपली भाड्याची खोली बंद करून ती आईकडे राहायला आली होती. आई पहिल्यासारखी उरली नव्हती. रात्री खोलीचं दार सताड उघडं ठेवायची आणि कितीही हळू हाक मारली तरी लगेच ओ द्यायची. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर यायची, आणि दोरी रिकामी झाली तरी तिथंच घुटमळायची. वडिलांच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या कपाटातून नाहीशा झाल्या होत्या. त्या कुठे गेल्या, हे आईला विचारायचं मुलीला धाडस झालं नव्हतं.

आजची या साहस-पार्कची टूम दादाची. जरा मोकळी हवा लागेल, म्हणाला. आईनं खाली बाकावर बसून पिशव्या सांभाळायच्या, असंच ठरलं होतं. साधं स्टुलावर चढायचं तर तिला धरायला दोन माणसं लागत. पण मुलगी “मी एकटीच जाऊन येते वर” म्हणाली, तशी आई उठली आणि तिनं पिशव्या दादाच्या गळ्यात अडकवल्या.

“मीही येते.”

“आणि उतरवायला क्रेन मागवू का?” दादा म्हणाला.

आई हसली नाही. कमरेला पट्टा बांधणाऱ्या ट्रेनरला तिनं एवढंच विचारलं, “हा हूक किती वजन पेलतो?”

“म्हैस टांगा मावशी, काही होत नाही. फक्त प्रत्येकाच्या दोन हुकांतला एक कायम वरच्या तारेवर पाहिजे.”

तो प्रश्न तेव्हापासून मुलीच्या डोक्यातून जात नव्हता.

आता पुलावर आईनं हात वर केला. खट्. एक हूक तारेवरून निघाला. आईनं तो मुठीत धरला. दुसऱ्या हुकाकडे मुलीला बघवेना.

“आई, तो परत लाव.”

“तू ये इकडे,” आई म्हणाली.

एका वेळी पुलावर एकच माणूस, असा नियम होता. मुलगी धावली. फळ्या उसळल्या, पूल तिरका झाला. मागून ट्रेनर ओरडला, “अहो ताई, हूक!” ते तर तिलाही दिसत होतं. दोर धरत, ठेचकाळत ती आईपर्यंत पोचली आणि तिनं आईचा दंड घट्ट पकडला. आईचे ओठ पांढरे पडले होते. तरी ती सावकाश वळली, मुठीतला हूक तिनं मुलीच्या पट्ट्याच्या कडीत अडकवला आणि दोनदा ओढून पाहिला.

तेव्हा मुलीनं वर पाहिलं. आईचा दुसरा हूक तारेवरच होता. मग तिनं खाली पाहिलं. तिचे स्वतःचे दोन्ही हूक कमरेला नुसते लोंबत होते.

“घरात विचारलं की तू उठून जातेस,” आई म्हणाली. “आता सांग. रोज संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर बसून तू खाली काय बघत असतेस?”