भावंडांची तपासणी

"आजपासून धावणं बंद," डॉक्टर वैजूला म्हणाले. "भावासारखाच तुझ्या हृदयाचाही स्नायू सैल पडलाय. त्याच्या हृदयात गुठळी झाली, तीच मेंदूत गेली."

सत्तावीस वर्षांचा दादा शेजारी व्हीलचेअरवर ऐकत होता.

वैजूनं रिपोर्ट पिशवीत कोंबला आणि त्याला बाहेर नेलं. आई बाकावरून उठली.

"काय म्हणाले गं?"

"ठणठणीत आहे मी. सोमवारी पोलीसभरतीला पळतेय."

दादानं डाव्या हातानं तिची ओढणी घट्ट धरली. "नाही," तो म्हणाला. "नाही. नाही."

आईनं पदरानं त्याची लाळ पुसली आणि बोटं एकेक करून सोडवली.

"तू जा सरावाला. लकवा मारल्यापासून एवढाच शब्द राहिलाय त्याच्याकडे. सकाळी चहाला नाही म्हणाला आणि दोन कप प्यायला."