ओढणं कसं थांबतं

"हे आमचं सगळ्यात दणकट मशीन," अनिरुद्धने मोठ्या चिपरवर थाप मारली. "मांडीएवढी फांदी घाला. सेकंदात भुसा."

जयवंतने वाकून मशीनच्या तोंडात डोकावून पाहिलं. भांडुपच्या त्या शेडमध्ये दोन चिपर शेजारी शेजारी उभे होते. एक थोराड, दुसरा बुटका. दोन्ही ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टला जोडून चालायचे. ट्रॅक्टर जयवंतकडे होता. सोसायट्यांमधली झाडं छाटायची कामं तो आणि त्याचा धाकटा भाऊ प्रीतम मिळून घेत. पावसाळा तोंडावर आला होता आणि जुनं मशीन त्यांनी भंगारात काढलं होतं.

प्रीतम उजव्या हाताने चाकं चाचपत होता. डावा हात खिशात होता. खिशात होता म्हणजे मनगटापर्यंतच होता. पुढचा पंजा गेल्या वर्षी जुन्या मशीनने नेला. गुलमोहराचा एक फाटा शर्टाच्या बाहीत अडकला, एवढंच निमित्त.

त्याची बायको नलिनी दाराशी उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. निघताना ती चपला घालून रिक्षात येऊन बसली, तेव्हा दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली.

"तोंडाशी कोण उभं राहणार?" अनिरुद्धने विचारलं. "त्यांना समजावून सांगतो."

"मी," प्रीतम म्हणाला.

नलिनीने मान वर केली. घरी तो वेगळंच बोलला होता. आता मी ट्रॅक्टरवर बसणार, फांद्या दादा घालेल, असं.

"तुम्ही म्हणालात..."

"स्टेअरिंग आणि गिअर एका हाताने कसं जमणार? गल्लीबोळातून न्यायचा असतो. फांदी ढकलायला एक हात बास होतो." तो तिच्याकडे न बघता बोलला. जयवंतने खिशातून रुमाल काढला आणि कारण नसताना तोंड पुसलं.

नलिनी आत आली. मोठ्या मशीनपाशी थांबली.

"हे थांबतं कसं?"

"ट्रॅक्टरवरून शाफ्ट बंद केला की थांबतं, वहिनी. पातं जड असतं ना, थोडा वेळ फिरत राहतं."

"फिरू दे. ओढणं कसं थांबतं?"

अनिरुद्ध हसायचा थांबला. मशीनच्या वरच्या अंगाला एक दांडा होता, तो त्याने दाखवला. "डाव्या हाताने हा असा मागे ढकलायचा. लगेच फांदी ओढणारे रोलर बंद."

प्रीतमने खिशातून हात बाहेर काढला, दुमडून पिन लावलेली बाही वर केली आणि पुन्हा खाली सोडली. अनिरुद्धचा चेहरा उतरला.

"सॉरी. माझ्या लक्षात नाही आलं."

"आणि याचं?" नलिनीने बुटक्या मशीनकडे बोट केलं.

याच्या तोंडाखाली, मांडीच्या उंचीवर, लाल रंगाची आडवी पट्टी होती. अंग टेकलं तरी रोलर थांबतात, अनिरुद्धने सांगितलं.

"पण ह्या लहान पडतला," जयवंत म्हणाला. वैतागला की त्याच्या तोंडात मालवणी यायची. "पर्जन्यवृक्षाच्या फांद्या ह्येच्यात जातत काय? आधी तोडून बारीक करूच्यो लागतल्यो. दुप्पट काम."

"चालू करा," नलिनी अनिरुद्धला म्हणाली.

"कोण, तुम्ही?"

"चालू करा."

अनिरुद्धने जयवंतकडे पाहिलं. जयवंतने खांदे उडवले. शेडचा ट्रॅक्टर सुरू झाला, शाफ्ट फिरला, पत्रे थरथरायला लागले. अनिरुद्धने तिला हेल्मेट घातलं आणि पदर घट्ट खोचायला लावला. सुबाभळीची एक लांब फांदी तिने दोन्ही हातांनी तोंडात सरकवली. रोलरने ती धरली आणि असा हिसका दिला की नलिनी दोन पावलं पुढे ओढली गेली. प्रीतम ओरडला. तिने मांडी पट्टीवर आपटली. फांदी जागच्या जागी थांबली.

"परत," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा तिने गुडघ्याने थांबवलं. मग कमरेने. मग फांदीला पाठ करून, तोल गेल्यासारखं पट्टीवर बसून. प्रत्येक वेळी अनिरुद्ध रोलर पुन्हा सोडायचा आणि ती ढिगातून नवी फांदी ओढायची. तिचे हात खरचटले, साडीला चीक लागला. प्रीतम तिला थांबवायला पुढे आला नाही. लांब उभा राहून तो नुसता बघत होता, आणि त्याचा अर्धा हात आपोआप छातीशी आला होता.

शेवटी ती बाजूला झाली.

"आता तुम्ही."

प्रीतम तोंडाशी जाऊन उभा राहिला. अपघातानंतर पहिल्यांदाच. मशीन घोंघावत होतं. उजव्या हातात फांदी धरून तो बराच वेळ तसाच राहिला. कपाळावरचा घाम भुवईवर उतरला, तो पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. मग त्याने फांदी ढकलली, रोलरने धरताच सोडून दिली आणि मांडी पट्टीला लावली. थांबलं. मांडी काढली नाही. ट्रॅक्टर बंद झाल्यावरही काढली नाही.

"लहान तर लहान," जयवंत थोड्या वेळाने म्हणाला. "फांद्या आपण आधीच बारीक करू. हेच द्या."

अनिरुद्धने मान डोलावली. "उद्या सकाळी ट्रेनिंग ठेवतो. चालवणाऱ्या माणसाला तेवढं पाठवा."

"दोघं येऊ," नलिनी म्हणाली, आणि केसांतला भुसा झटकायला लागली.