सात घागरींचं तळं

पूर्वी गावच्या विहिरीवर कुणीतरी लांबूनच तानाबाईच्या घागरीत पाणी ओतायचं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून ते ओतणंही गावानं बंद केलं, अन् ती दीड मैलावरच्या नाल्यात झिरा उकरून पाणी आणू लागली. अशात सेलूकडच्या टेकडीवर दगडमाती तपासणारे एक साहेब आले आणि त्यांनी तिलाच पाणी भरायला मजुरीवर ठेवलं.

साहेब बारीक चाळणीवर माती धूत बसत. तानाबाईच्या सात घागरी रिकाम्या झाल्या, तेव्हा कुठं चाळणीत खसखशीएवढे चार दाणे उरले. साहेबांना कोण आनंद! त्यांनी भिंग तिच्या हाती दिलं.

"हे शिंपले बघा, बाई. झिंग्याच्या गोतातल्या बारीक जिवांचे आहेत, दगड झालेले. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं गोड्या पाण्याचं तळं होतं. तेव्हा पाऊस किती पडायचा, तळं कधी आटलं, सगळं यांच्यावरून कळतं."

तानाबाईनं भिंगातून पाहिलं, मग खाली गावच्या विहिरीकडे पाहिलं.

"त्या तळ्यावर आमाले पानी भरू देत होते का जी?"

साहेब खो खो हसले. "अहो, तेव्हा माणूस जन्मालाच आला नव्हता!"

तानाबाईनं आठव्या खेपेसाठी घागर उचलली.



"तरीच म्हनलं, एवढ्याशा जिवायले बी पोटभर पानी कसं भेटलं!"