पहिल्या बाकावरची जागा

"मला तिथे बसायचंय," बाईंच्या लेकीने पुन्हा पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं.

"ती चिमणीची जागा आहे, राणी. तू मागे बस."

लेक फुरंगटून मागे गेली. वर्गात बारा मुलं, ही तेरावी.

परक्या देशात अनाथ मुलांना इंग्रजी शिकवायला निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "समाजसेवा कर हो, पण पाच वर्षांच्या पोरीला कशाला फरपटतेस?" पण लेकीला सोडून राहणं बाईंना जमणारं नव्हतं. शिकवायला येणाऱ्याने कुटुंब आणायचं नाही, असा इथला नियम होता. संचालकसाहेब शहरात राहत, फक्त पाहुण्यांच्या दिवशी येत. त्यांना बाईंनी सांगितलंच नाही आणि स्वयंपाकिणीने डोळेझाक केली. लेकीलाही निळा झगा मिळाला. उवा झाल्या तेव्हा सगळ्यांबरोबर तिचेही केस कापले गेले.

"आता तुमची कोणती नि आमची कोणती, ओळखा बघू!" स्वयंपाकीण हसली होती.

शिकवायची इंग्रजी वाक्यं साहेबांनीच छापून पाठवली होती. तुम्ही मला आवडता. मी शहाण्यासारखी वागेन. मला कोणी नाही. तिसऱ्या वाक्याला बाईंचा आवाज खाली यायचा. लेकीचं मात्र तेच सगळ्यांत आधी पाठ झालं.

मागच्या अंगणात चादरी धुणारी बाई काम टाकून खिडकीतून चिमणीकडे बघत राहायची. असं कोण कोणाकडे बघतं, ते बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"ती तिची आई ना?" त्यांनी स्वयंपाकिणीला विचारलं.

भाजीवरची सुरी थांबली. "हळू बोला. शिकवून परत देतो म्हणाले होते तिला. आता कागदावर पोर अनाथ. उद्या पाहुणे येतायत. साहेब वाक्यं म्हणून घेतात, पाहुणे एकाला मोटारीत घालून नेतात. या खेपेला पाच वर्षांची मुलगी हवीय. आपल्याकडे चिमणी तेवढी एकच."

"नेतात कुठे?"

"कुठे ते आम्ही विचारत नाही. आजवर एकाचंही पत्र नाही."

दोघींनी हळू आवाजात सगळं ठरवलं.

सकाळी बाईंनी लेकीपुढे रंगाची पेटी ठेवली. "मी येईपर्यंत खोलीतून हलायचं नाही. कळलं?"

"कडी नको ना लावू, आई. भीती वाटते."

त्यांनी कडी लावली नाही.

साहेबांची आणि मागोमाग पाहुण्यांची मोटार पुढच्या फाटकातून आत आली, तेव्हा मागच्या फाटकातून चादरींची पाटी बाहेर पडत होती. एका बाजूने धुणारी बाई, दुसऱ्या बाजूने स्वयंपाकीण. बाई तिथल्या पहारेकऱ्याशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या. आपल्याच बोलण्याचा एक शब्दही त्यांच्या कानात शिरत नव्हता.

मागोमाग बाईही बसथांब्यावर पोचल्या, तेव्हा पाटीतून चिमणी निघाली. आईने तिला असं आवळलं की ती कळवळली. बस वळणाआड जाईपर्यंत बाई थांबल्या. स्वयंपाकीण डोळे पुसत पुसत म्हणाली, "एक तरी सुटली बाई."

परतताना बाईंनी उत्तर तयार ठेवलं. चिमणीला ताप आहे, तिला आजारी मुलांच्या खोलीत हलवलंय. साहेब ओरडतील. ओरडू देत.

अंगणात पाहुण्यांची मोटार आता नव्हती. साहेब पायरीवर उभे राहून चष्मा पुसत होते. ओरडले नाहीत. उलट हसले.

"या, या! होतात कुठे? पाहुण्यांना तुमची भेट घ्यायची होती. मानलं बुवा तुम्हाला. पहिल्या बाकावरची ती पोर काय इंग्रजी बोलते हो! मी विचारायच्या आत स्वतःच उठून उभी राहिली, तिन्ही वाक्यं घडाघडा म्हणाली. पाहुण्यांनी दुसऱ्या कुणाकडे बघितलंसुद्धा नाही."