पैकीच्या पैकी

बाबा स्मरणशक्तीच्या तपासणीत पैकीच्या पैकी गुणांनी पास झाले, आणि तो निकाल धरायचाच नाही असं आमचं घरी ठरलंय. डॉक्टरांनी त्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: चष्मा, दार, टेबल. थोड्या वेळाने तेच विचारल्यावर बाबा छताकडे बघू लागले. डॉक्टरांच्या पाठीमागे उभ्या आईने चष्मा पुसला, दाराकडे बोट दाखवलं. टेबलासाठी ती गुडघेदुखी विसरून चक्क ओणवी झाली. बाबांनी तिन्ही शब्द सांगितले. “ठणठणीत! औषध नको,” डॉक्टर म्हणाले. लिफ्टमध्ये बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, “बाई फार मदत करतात रे. कोण आहेत?” आईने मान खाली घातली, पुन्हा वरचं बटण दाबलं. “चल, खरं सांगून येऊ.” तरी डॉक्टरसाहेबांनी बाबांना खुशाल नापास करावे, फक्त आईला ओळखण्यापुरते वाढीव गुण मंजूर करावेत, ही नम्र विनंती.